टूलटिपमधलं नाव

बारामतीच्या त्या ऑफिसात मला घेतलं ते मराठी टायपिंगसाठी. तिथली सगळी माणसं पंचविशी-तिशीची. संगणकावर त्यांची बोटं अशी चालायची की बघत राहावं. पण 'प्रात्यक्षिक' हा शब्द न चुकता टाइप करायची वेळ आली की सगळ्यांच्या माना माझ्याकडं वळायच्या. मी तेव्हा एकावन्न वर्षांचा होतो. सगळे मला चाचा म्हणायचे, मालकसुद्धा, आणि मालक माझ्या थोरल्या लेकीच्या वयाचा होता.

त्याआधी पंचवीस वर्षं मी पाट्या रंगवल्या. इंदापूर, बावडा, भिगवण, पार नरसिंहपूरपर्यंत. दुकानांच्या पाट्या, ट्रॅक्टरच्या ट्रॉल्यांवरची नावं, शाळांच्या भिंतींवरचे नकाशे, देवळांच्या कमानी. मुसलमान पेंटरनं कमानीवर 'श्री' काढला म्हणून कुणी तोंड वाकडं केल्याचं मला आठवत नाही. 'श्री'ची वेलांटी वाकडी आली असती तर मात्र केलं असतं. हे काम मला शिकवलं तात्यांनी. इंदापुरात तेव्हा त्यांच्या तोडीचा पेंटर नव्हता. साचा नाही, पट्टी नाही. खडूनं एक आडवी रेघ मारायची आणि त्या रेघेला अक्षरं टांगत जायची. "आपुन आकशार काढत न्हाय," ते म्हणायचे, "आपुन ते बसवतो. वाचनाऱ्यानं थांबून इचार करायला नगं."

मग फ्लेक्स आला. त्याबद्दल फार लिहिण्यासारखं काही नाही. गिऱ्हाइकं भांडून गेली नाहीत, नुसती यायची थांबली. तात्यांनी ब्रश रॉकेलमध्ये बुडवून डब्यात ठेवले ते ठेवलेच. मी वयानं लहान होतो, पदरात मुलं होती. मी एका छापखान्यात जाऊन संगणकावर लग्नपत्रिका जुळवायला शिकलो, तोही बंद पडला, तेव्हा कुणाच्या तरी ओळखीनं बारामतीला लागलो. रोज इंदापूरहून एस.टी.नं यायचं आणि एस.टी.नंच परत जायचं.

ऑफिसचं काम असं होतं. एखाद्या कॉलेजात, मंगल कार्यालयात, दवाखान्यात जाऊन चारी बाजूंनी एकदम फोटो काढणारा कॅमेरा मांडायचा. ते फोटो एका सॉफ्टवेअरमध्ये एकमेकांना जोडायचे. मग घरबसल्या संगणकावर माणूस त्या इमारतीत फिरतो, मान वळवल्यासारखं चित्र वळवतो, दारातून आत जातो. याला व्हर्च्युअल टूर म्हणतात. त्या चित्रात जागोजागी ठिपके असतात. ठिपक्यावर माऊसचा बाण नेऊन थांबवला की एक छोटी चौकट उघडते आणि समोर काय आहे ते सांगते. बाण हलवला की चौकट गायब. ती चौकट म्हणजे टूलटिप.

माझं काम त्या चौकटींतला मजकूर टाइप करायचा. तो टूरमध्ये टाकायचं काम एक मुलगी करायची. बावड्याची, शेतकऱ्याच्या घरातली, पुण्याला शिकून परत आलेली. ऑफिसात ती साहेबी मराठी बोलायची आणि माझ्याशी गावाकडची.

पहिल्यांदा तिनं मला पडद्यावर टूलटिप दाखवली तेव्हा 'कृषी अवजारे' असे दोन शब्द होते. मी खुर्ची पुढं ओढून बघितलं. 'कृ'चा खालचा फराटा चौकटीनं कापला होता. 'षी'ची वेलांटी वरून अर्धी गेली होती. आणि सगळ्यांत वाईट म्हणजे शिरोरेघ तुटली होती. प्रत्येक अक्षर आपापली छोटी टोपी घालून शेजाऱ्यापासून लांब उभं.

"हे असं का दिसतंय?" मी विचारलं.

"सगळीकडं असंच दिसतं, चाचा. सॉफ्टवेअर बाहेरचं हाय. त्यांनी विंग्रजीसाठी केलंय."

"पण हे चुकलंय."

"वाचता येतंय की."

मी टायपिंगकडं वळलो. दुपारी डबा खाताना मात्र पुन्हा विषय काढला. तात्यांनी असली पाटी गिऱ्हाइकाकडं जाऊच दिली नसती, असं काहीतरी बोललो असेन. तिनं डबा बाजूला सारला आणि म्हणाली, "या, दावते. पन आधीच सांगते, सॉफ्टवेअरच्या आत हात लावायचा न्हाय."

तिनं मला सीएसएस दाखवलं. सीएसएस म्हणजे पडद्यावरची गोष्ट कशी दिसावी याच्या सूचना. कुठला रंग, केवढं अक्षर, कडेला किती जागा. त्या सूचना सॉफ्टवेअरच्या स्वतःच्या फायलीत असतातच, पण टूर दुरुस्त करून लोकांसाठी पुन्हा बाहेर काढली की सॉफ्टवेअर आपल्या फायली पुसून नव्यानं लिहितं, आणि तिथं आपण केलेला बदल वाहून जातो. म्हणून आपली वेगळी फाईल बाहेर ठेवायची आणि टूरच्या पानाला एका ओळीत सांगायचं की, बाबा, तिकडंही बघ. मग चौकटी दोनशे असोत की दोन हजार, त्या एका फाईलवरून सगळ्यांचं रूप ठरतं.

"आणि त्याची सूचना आपल्यापेक्षा वरचढ ठरली तर?"

"मग आपल्या सूचनेच्या शेवटाला उद्गारचिन्ह देऊन लिवायचं, हे महत्त्वाचं हाय म्हनून. मग ऐकतंय ते."

पुढचे पंधरा दिवस मी टायपिंग उरकलं की तेच करत बसायचो. एक आकडा बदलायचा, पान ताजं करायचं, बघायचं. अक्षराअक्षरांत जागा सोडायची त्या सॉफ्टवेअरला खोड होती. इंग्रजीला ते शोभत असेल. ती जागा मी शून्य केली आणि शिरोरेघ सलग झाली. ओळीची उंची वाढवली, तेव्हा वेलांट्या आणि उकार सुटे झाले. लांब शब्द चौकटीच्या कडेला आला की कुठंही तुटायचा, 'खुर' एका ओळीत आणि 'पणे' दुसरीत; ते बंद केलं. काळ्या चौकटीवर पांढरी अक्षरं होती, ती काढून सायीच्या रंगाची चौकट, आत गडद अक्षर, कडेला विटकरी रेघ. चाळीसेक ओळींची फाईल झाली. मुलीनं बघितलं आणि नुसतं "आयला" म्हणाली. मालकानं बघितलं आणि म्हणाला, "चाचा, मस्त! आता हेच सगळ्या टूरना लावू." मी त्या दिवशी घरी मिठाई नेली. बायकोनं विचारलं काय झालं, तर मला नीट सांगताच येईना.

त्याच महिन्यात आमच्याकडं एका संस्थेच्या संग्रहालयाचं काम आलं. शेतीची जुनी अवजारं, मोटा, नांगर, आणि एका दालनात गावातले जुने व्यवसाय. फोटो काढायला मीही गेलो, ठिपके कुठं कुठं लागतील ते टिपून घ्यायला. त्या दालनाच्या भिंतीवर पत्र्याची एक पाटी टांगली होती. पिवळी जमीन, लाल अक्षरं, अक्षरांना निळी सावली. 'सायकल भाड्याने मिळेल.' खाली बारीक, 'हवा भरून मिळेल.'

'मिळेल'मधला ळ बघितला आणि मी जागेवरच थांबलो. तसा ळ एकच माणूस काढायचा. दोन्ही वाटोळ्यांच्या मधे ब्रश न उचलता एक छोटा आकडा, हुकासारखा. ही भिगवणच्या स्टेशन रस्त्यावरच्या सायकलच्या दुकानाची पाटी. तात्यांची. तिची निळी सावली मी भरलेली होती. मी वाकून उजव्या खालच्या कोपऱ्यात सही शोधली. तो कोपराच नव्हता. चौकटीत बसावी म्हणून कुणीतरी पत्रा कापला होता.

संस्थेच्या समितीनं ठरवून दिलेला मजकूर माझ्याकडं टायपिंगला आला. दोनशेच्या वर ठिपके. त्या पाटीच्या ठिपक्याला त्यांनी लिहिलं होतं, 'जुना पत्र्याचा फलक.' प्रत्येक नांगराला कुठल्या गावचा, कुणी दिला, हे होतं. पाटीला एवढंच.

मी त्याखाली एक ओळ टाइप केली. 'रंगवणारे:' आणि पुढं तात्यांचं पूर्ण नाव, आडनावासकट, आणि 'इंदापूर'. कुणाला विचारलं नाही. विचारलं असतं तर समितीकडं पत्र गेलं असतं, समितीनं पुरावा मागितला असता, आणि पुरावा म्हणजे एका ळमधला आकडा. बावड्याच्या मुलीनं ती ओळ टूरमध्ये टाकताना माझ्याकडं बघितलं. "हे कोन?" मी म्हणालो, "माझे गुरू." तिनं टाकली.

आणि मी तात्यांना जाऊन सांगितलं. ही माझी चूक. काम पुरं व्हायच्या आत सांगितलं.

तात्या ऐंशीच्या पुढं गेले होते. दोन्ही डोळ्यांची ऑपरेशनं झालेली, उजवा हात थरथरायचा. बायपास रस्त्याच्या अलीकडं धाकट्या मुलाच्या घरी राहायचे. मी त्यांना सगळं सांगितलं. त्यांनी विचारलं, "आडनाव बी?"

"आडनावबी. इंदापूरबी."

"बरं," म्हणाले.

टूर सुरू झाली त्या रविवारी मी सकाळी अकराच्या सुमाराला त्यांच्याकडं गेलो. तात्या अंघोळ करून, इस्त्रीचा शर्ट घालून खुर्चीत बसले होते. शेजारची दोन माणसं बोलावली होती. सूनबाईंनी चहा टाकला. मी माझ्या फोनवर टूर उघडली. दार, पहिलं दालन, दुसरं, आणि भिंत. पाटी दिसली. दोन बोटांनी मोठी केली.

तात्यांनी फोन डोळ्यांजवळ नेला. "ह्यो माझा ळ," ते म्हणाले. मग शेजाऱ्यांना, "बगा, ब्रश उचलला न्हाय." मग पुन्हा बघून, "कोपरा कापलाय. तितं सही हुती."

"म्हणून तर नाव टाकलंय, तात्या. हे बघा." मी ठिपक्यावर बोट ठेवलं.

चित्र सरकलं आणि पुढचं दालन आलं. दळायच्या जात्यांचं.

मी मागं आलो. पुन्हा बोट ठेवलं. पुन्हा जाती. मी बोट दाबून धरलं, तर फोननं फोटो जतन करायचा का म्हणून विचारलं. सूनबाईंनी त्यांच्या फोनवर उघडून बघितलं, तिथंही तेच. आणि तेव्हा, तात्यांच्या पुढ्यात फोन धरून उभा असताना, मला उमगलं. ऑफिसात आम्ही सगळं मोठ्या पडद्यावर, माऊसनं बघत होतो. माऊसचा बाण ठिपक्यावर नुसता थांबू शकतो. बोटाला नुसतं थांबता येत नाही; बोट टेकलं की ते दाबणंच झालं, आणि दाबलं की टूर पुढं जाते. मी शिरोरेघ जोडली होती, वेलांट्या सोडवल्या होत्या, आणि ज्यांच्या हातात फक्त मोबाईल आहे त्यांना, म्हणजे आमच्या तालुक्यातल्या जवळजवळ सगळ्यांना, त्यातलं एक अक्षरही दिसणार नव्हतं.

"नाव आहे, तात्या," मी म्हणालो. "मोबाईलवर दिसत नाही. संगणकावर दिसतं."

"मंजी हाय?"

"आहे."

"मग हितं का दिसंना?"

मी सांगायचा प्रयत्न केला. शेजारी मान हलवत राहिले. तात्यांनी फोन माझ्या हातात दिला आणि म्हणाले, "बोट लावूनबी दिसंना, ती पाटी कसली रं?"

रागावून नाही म्हणाले. खरंच विचारल्यासारखं म्हणाले. चहा पिऊन मी उठलो.

सोमवारी मी मुलीला विचारलं, सीएसएसनं काही होईल का. ती म्हणाली, "न्हाय चाचा. रूप बदलंल, वागनं न्हाय बदलत. टूरच्या आत जाऊन एकेका ठिपक्याला सांगावं लागंल, बोट लागलं की आदी चौकट दाव म्हनून." दोनशे ठिपके. ती करायला तयार होती, पण मालकाला विचारावं लागणार होतं. मीच गेलो विचारायला. तावातावानं गेलो. मोबाईलवर लोकांना काही दिसत नाही, मग एवढा मजकूर लिहिला कशाला, असं म्हणालो.

मालक म्हणाला, "चाचा, समितीनं मंजूर केलंय. उद्घाटन झालं. आता उघडायचं नाही."

"तुम्ही एकदा बघा तरी. त्या पाटीच्या दालनात जा."

त्यानं त्याच्या संगणकावर टूर उघडली, माझं समाधान करायला. दालनात गेला. बाण ठिपक्यावर नेला. सायीच्या रंगाची चौकट उघडली आणि तिच्यात समितीची एक ओळ आणि माझी एक ओळ, दोन्ही स्वच्छ, ठसठशीत.

"हे नाव कुठून आलं?"

त्यानं ती ओळ पुन्हा वाचली.

"चाचा, समितीच्या मजकुरात हे नव्हतं. कुणाला विचारून घातलंत?"

मी खरं ते सांगितलं. सही कापलेली, ळ, सगळं. त्यानं ऐकून घेतलं. वाईट माणूस नव्हता तो. ऐकून घेतलं आणि म्हणाला, "उद्या दुसरा कुणी येईल, म्हणेल ती पाटी माझ्या बापानं रंगवली. मी काय करू? काढा ते. आजच."

मुलगी म्हणाली, "मी काढते." मी म्हणालो, नको, मी काढतो. का म्हणालो कुणास ठाऊक. कदाचित दुसऱ्या कुणाच्या हातून ते पुसलेलं मला बघवलं नसतं. ती ओळ निवडली, पुसली. तिनं टूर पुन्हा बाहेर काढली. माझी बाहेरची फाईल जागच्या जागी होती, तिला धक्काही लागला नाही. 'जुना पत्र्याचा फलक.' शिरोरेघ सलग, उकार पूर्ण.

तात्यांना मी हे सांगायला गेलो नाही. आज जाऊ, उद्या जाऊ करत तीन आठवडे गेले. तेवढ्यात त्यांच्या सूनबाईंनी तात्यांच्या पुण्यातल्या भाच्याला फोन केला होता. त्याच्याकडं संगणक. त्यानं टूर उघडली, बाण नेला, वाचलं, आणि कळवलं की मामांचं नाव कुठंच नाही.

इंदापुरात बाजाराच्या दिवशी तात्या मला चहाच्या टपरीवर भेटले. मी सलाम केला. त्यांनी हातातला कप खाली ठेवला.

"तू खोटं कशाला बोललास?"

"तात्या, होतं नाव. काढायला लावलं."

"मी कवा मागितलं हुतं?"

"खरंच होतं. मीच टाकलं, मीच काढलं."

"जाऊ दे," ते म्हणाले. "म्हाताऱ्याला बरं वाटावं म्हनून बोललास. पन शेजारीपाजारी बसलं हुतं रं."

मी शपथ घेतली. ते मान डोलवत राहिले, जशी लहान मुलाच्या सबबीवर डोलवतात. त्यांना पटलं नाही आणि अजूनही पटलेलं नाही. भेटलो की बोलतात. ऊस किती झाला, ऊन किती पडलंय. कामाचं काही बोलत नाहीत. इतक्या वर्षांत त्यांनी माझ्या अक्षरावर हजार चुका काढल्या असतील, पण मला खोटारडा कधी म्हटलं नव्हतं.

ऑफिसातून मला त्या दिवाळीनंतर थांबवलं. कारण सरळ होतं. मराठी मजकूर आता यंत्रच टाइप करून देत होतं, चुका का असेनात, मालकाला चालत होत्या. आणि अक्षरं नीट दिसायचं काम तर माझ्या फाईलनं कायमचं उरकून टाकलं होतं. प्रत्येक नव्या टूरला तीच फाईल लावायची, एक ओळ लिहिली की झालं. पाटी रंगवताना प्रत्येक नव्या पाटीला पेंटर लागतो. मी मात्र अशी वस्तू करून ठेवली होती की पुढच्या पाट्यांना माझी गरजच उरू नये. ती बाहेर ठेवायची होती, ती बाहेर राहिली. मीही बाहेर आलो. मुलगीही पुढं पुण्याला गेली. जाताना फोन करून म्हणाली, "चाचा, तवा मी नाव काढायला न्हाय म्हनायला पायजे हुतं." मी म्हणालो, तुझी नोकरी गेली असती. ती म्हणाली, "तशीबी सोडलीच की."

आता मी इंदापुरात एका झेरॉक्सच्या दुकानात अर्ज टाइप करतो.

मागच्या उन्हाळ्यात मालकाचा फोन आला. सॉफ्टवेअरची नवी आवृत्ती आली होती, तिच्यात टूलटिपच्या चौकटीचं आतलं नाव बदललं होतं, आणि माझ्या फाईलमधल्या सूचना जुन्या नावानं लिहिलेल्या. त्यामुळं त्या कुणालाच लागू होत नव्हत्या. सगळ्या टूरमधली मराठी पुन्हा तुटली होती. "चाचा, याल का एकदा?"

नाही म्हणायला मला पूर्ण कारण होतं. बायको तर म्हणालीच, जाऊ नका. मी दुकानातून सुट्टी काढून सकाळच्या एस.टी.नं गेलो. जाताना स्वतःवर चिडत गेलो.

माझ्या खुर्चीत एक नवा मुलगा बसला होता. त्यानं उठून जागा दिली. मी नवं नाव शोधलं, फाईलमध्ये जुन्याच्या जागी घातलं, पान ताजं केलं. अर्धा तासही लागला नाही. मुलगा मागं उभा राहून बघत होता. मालक आला, त्यानं पडदा बघितला, माझ्या पाठीवर हात ठेवला.

"वा चाचा," म्हणाला, आणि मग त्या मुलाकडं वळून, "हे आपले जुने टायपिंगवाले."

मुलानं हात जोडले. मीही जोडले, आणि चहा यायच्या आत खाली उतरलो.